सुलभक

आमची शाळा द्विशिक्षकी आहे. साठ पटापर्यंत दोन शिक्षक असा कायदा. आमचा पट एकतीस, वर्ग पहिली ते चौथी, आणि शिक्षक दोन : मी आणि सर. त्यातली मी शाळेत असते. सर स्तरावर असतात.

स्तर म्हणजे काय, हे जिल्हा परिषदेच्या बाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्या खात्यात ज्ञान कालव्याच्या पाण्यासारखं वरून सुटतं. आधी राज्यस्तर, मग जिल्हास्तर, मग तालुकास्तर, शेवटी केंद्रस्तर. वरच्यांनी शिकायचं आणि खालच्यांना शिकवायचं, त्यांनी आणखी खालच्यांना. कालव्याला गळती असते तशी यालाही असते. टेलच्या शेतकऱ्याला जेवढं पाणी मिळतं तेवढंच ज्ञान आमच्या वस्तीवर पोचतं. तेही बहुधा रात्री, व्हॉट्सअॅपवर, वर ‘अतितातडीचे’ असं लिहून.

या प्रत्येक स्तरावर सर असतात. राज्यावर शिकायला, तालुक्यावर शिकवायला आणि जिल्ह्यावर दोन्हीला. “सर कुठं आहेत?” म्हणून कुणी विचारलं की पोरं एका सुरात सांगतात, “स्तरावर गेल्यात.” दुसरीतल्या एकानं मला विचारलं होतं, “बाई, स्तरला जायला यष्टी कुठनं मिळती?” त्याच्या डोक्यात स्तर हे फलटणच्या पलीकडचं एखादं मोठं गाव होतं आणि सरांचे पाव्हणे तिकडे राहत होते. मी त्याला दुरुस्त केलं नाही. फार चुकत नव्हता तो.

असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. वर्गात न मावणारा. आधी त्याला ‘तज्ज्ञ मार्गदर्शक’ म्हणायचे, मग ‘साधन व्यक्ती’ म्हणायला लागले, आता ‘सुलभक’ म्हणतात. सुलभक म्हणजे जो दुसऱ्याचं काम सुलभ करतो तो. सरांनी माझं काम किती सुलभ केलंय, हे मी चार वर्ग एका व्हरांड्यात बसवून रोज अनुभवते. एकदा ते पाच दिवस तालुक्याला ‘बहुवर्ग अध्यापन’ या विषयाचं प्रशिक्षण देत होते. म्हणजे एका शिक्षकानं चार वर्ग एकाच वेळी कसे सांभाळावेत. ते पाचही दिवस इकडे मी प्रात्यक्षिक करत होते.

सरांना ओळखायची खूण म्हणजे बिनबाह्यांचं जाकीट आणि गळ्यातली ओळखपत्राची पट्टी. पट्टीचं प्रशिक्षण संपलं तरी पट्टी गळ्यातून निघत नाही, नवीन आली की जुनी खुंटीवर जाते. त्यांच्या घरी देवघराशेजारी खुंटीला अशा पट्ट्यांचा एवढा झुबका आहे की पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं सर बैल पाळतात. बॅगेत कायम चार रंगांचे मार्कर, शिट्टी, कात्री, दोन पेनड्राइव्ह आणि एक काळी डायरी. मार्कर ते कुणाला देत नाहीत. डायरी कुणाला दाखवत नाहीत.

प्रशिक्षणाचा हॉल डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या हायस्कूलचा हॉल, पाठीवर मंडपवाल्याचं नाव रंगवलेल्या खुर्च्या, सहा पंखे आणि त्यातले फिरणारे तीन. त्या तीन पंख्यांखाली बसायला लोक साडेनऊपासून येतात. समोर शंभरेक शिक्षक. कुणाच्या दोन मुलींची लग्नं झालेली, कुणाला साखर, कुणाचं चालू कर्ज पतसंस्थेत. पोहे होतात, दीपप्रज्वलन होतं, साहेब ‘दोन शब्द’ म्हणून पाऊण तास बोलतात आणि ‘मला पुढे मीटिंग आहे’ म्हणत जातात. मग सर माइक हातात घेतात आणि म्हणतात, “चला, जरा पाऊस पाडू या.”

पाऊस म्हणजे टाळ्या. तळहातावर आधी एक बोट वाजवायचं, ती रिमझिम. मग दोन बोटं, मग तीन, मग पुरा पंजा : मुसळधार. मग उलटं येत येत पुन्हा एक बोट. शंभर माणसं मान खाली घालून तळहातावर बोट वाजवतात. आमच्या दुष्काळी तालुक्यात एवढा भरवशाचा पाऊस फक्त प्रशिक्षणातच पडतो.

पाऊस थांबला की गट. एक-दोन-तीन-चार-पाच असे आकडे म्हणायचे आणि आकड्याप्रमाणे उठून बसायचं. गटांना फुलांची नावं. पंख्याखाली बसलेला माणूस आकड्याच्या खेळात कोपऱ्यात जातो, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे काही येतं त्याला मूल्यमापनात रकाना नाही. मी कशी कोण जाणे, अठरा वर्षं मोगरा गटात आहे. माझं अक्षर बरं, म्हणून चार्टपेपर माझ्यापुढे येतो. गटात एकानं लिहायचं, एकानं सादर करायचं, बाकीच्यांनी पोषण आहाराचे आकडे मोबाईलवर भरायचे, ही वाटणी न बोलता होते. माझा सगळा व्यावसायिक विकास स्केचपेननं झालेला आहे.

आणि पूर्वचाचणी. प्रशिक्षणाआधी किती येतं आणि नंतर किती, हे बघायला दोन चाचण्या असतात. शिक्षक हा प्राणी कागद समोर आला की शेजाऱ्याचं बघून पैकीच्या पैकी मिळवतो. मग उत्तरचाचणीत वाढायचं कुठे? म्हणून सर माइकवरून, पण खासगी आवाजात सांगतात, “बंधू-भगिनींनो, पूर्वचाचणीत जरा हात आखडता घ्या. वाढ दिसली पाहिजे.” मी एकदा मन लावून चार प्रश्न चुकवले, तेव्हा त्यांनी चहाला माझे आभार मानले होते.

त्यांचा एक त्रिकोण आहे. पडद्यावर येतो : वाचलेलं एवढे टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं एवढे, केलेलं नव्वद. टक्के दर प्रशिक्षणात थोडे सरकतात, त्रिकोण तोच. या आकड्यांना संशोधनाचा धड आधार नाही, असं शोधणाऱ्यांनी कधीच दाखवून दिलंय. मी ते कुठेतरी वाचलं आणि सरांना सांगितलं. सर क्षणभर थांबले. म्हणाले, “मॅडम, आधार नसेल. पण लोकांना पटतो.” ऐकलेलं फारच थोडं लक्षात राहतं, हे आम्ही दर वर्षी निमूट ऐकून घेतो.

सर नोकरीला लागले ते १९९५ साली, म्हणजे ‘किमान अध्ययन क्षमता’ नावाचं वारं आलं त्याच वर्षी. तेव्हापासून प्रत्येक वाऱ्याला सर पाठ देऊन नाही, तोंड देऊन उभे राहिले. त्यांच्याकडे ससा-कासवाची एक गोष्ट आहे. तिच्यावर सगळी भिस्त. क्षमतांच्या काळात कासवानं एकेक क्षमता संपादन केली. ज्ञानरचनावाद आल्यावर कासवानं वाटेचं ज्ञान स्वतः रचलं आणि ससा घोकंपट्टीमुळे झोपला. २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा दोघांच्या वर्णनात्मक नोंदी झाल्या : ‘कासव आपले काम चिकाटीने पूर्ण करते’, ‘ससा प्रयत्न केल्यास अधिक प्रगती करू शकेल’. निपुण भारत आल्यावर कासव पायाभूत झालं. हल्ली एकविसाव्या शतकातली कौशल्यं म्हणून दोघं हातात हात घालून शर्यत पुरी करतात आणि कुणीच जिंकत नाही. मी ही गोष्ट सहा वेळा ऐकली आहे. ससा अजून त्याच झाडाखाली झोपतो.

पण सरांना नुसता बोलका पोपट समजाल तर चुकाल. २०१५ चा जून. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला आणि आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटकडे उभ्या राज्यातून शिक्षकांच्या गाड्या लागल्या. पंढरीला जावं तसे लोक कुमठ्याला जाऊन येत होते. टेबल-खुर्ची बाहेर, शिक्षक खाली, फरशीवर रंगवलेले तक्ते आणि त्यावर बसलेली, आपापल्या उद्योगात गुंग पोरं. सर जाऊन आले ते पेटून आले. दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी स्वतःच्या पैशानं ऑइलपेंटचे डबे आणले. चार दिवस आम्ही दोघं गुडघ्यांवर होतो. अक्षरचौकट, संख्यारेषा, गोल, त्रिकोण. सरांची रेघ सुरेख येते हे मला तेव्हा कळलं. दुपारी डबा खाताना त्यांच्या मिशीला पिवळा रंग लागलेला होता आणि ते सांगत होते, “मॅडम, यात फरशी महत्त्वाची नाही. पोर ज्या वेळी स्वतःहून वाकून बघतं ना, ती वेळ महत्त्वाची.” हे वाक्य त्रिकोणाशिवाय आलं होतं. मी ते लक्षात ठेवलं.

पुढे राज्यभर फरश्याच रंगल्या, वाकून बघायची वेळ राहिली. आमचीही पुसट झाली. आता संख्यारेषेवर पंचवीसपासून एकतीसपर्यंतचे आकडे खिचडीच्या पंगतीनं पार घासले गेलेत.

लोकांच्या अडचणीला सर धावतात, हे मान्य करायला हवं. बारा वर्षांची वरिष्ठ वेतनश्रेणी, चोवीस वर्षांची निवड श्रेणी, त्यांची प्रशिक्षणं, त्यांचे अर्ज, पोर्टलला न चढणारा फोटो. रात्री अकराला फोन केला तरी सर “बोला” म्हणतात. स्वतःच्या निवड श्रेणीच्या वेळी मात्र त्यांची पंचाईत झाली. ते प्रशिक्षण त्यांना घ्यायचंही होतं आणि द्यायचंही होतं. त्यांनी दोन्ही हजेरीपत्रकांवर सह्या केल्या आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर लिहिलं, ‘सुलभकांनी विषय अत्यंत सोप्या भाषेत मांडला.’

‘निष्ठा’ आली तेव्हाची गोष्ट. २०१९ ला हॉलमध्ये आणि पुढच्या वर्षी कोरोनात ‘दीक्षा’ अॅपवर. व्हिडिओ पुरा चालला पाहिजे, मग प्रश्न, मग प्रमाणपत्र. सगळ्या तालुक्याच्या घरोघरी डाळीच्या डब्याला टेकवलेले मोबाईल आपले आपण शिकत होते. सरांनी ग्रुपवर मदत सुरू केली : ‘मॉड्यूल तीन – १ ब, २ अ, ३ ड.’ खाली हात जोडलेल्या चिन्हांची रांग. निष्ठा नावाच्या अभ्यासक्रमाची उत्तरं अशी वाटायची, यातली गंमत सरांच्या लक्षात आली नाही. आमच्या आली होती, पण आम्हालाही प्रमाणपत्र हवं होतं. नव्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला पन्नास तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलंय. ते वाचून बाकीच्यांनी डोक्याला हात लावला. सर म्हणाले, “पन्नासच? माझे जुलैत होतात.”

शेजारच्या वाडीवर एक शिक्षणसेविका नवी आली होती. विदर्भातली पोरगी, भाषेपासून सगळं परकं, पोरं तिला जुमानत नव्हती. शिक्षण परिषदेत ती कोपऱ्यात रडताना मी पाहिली, सरांनीही पाहिली. मला वाटलं, आता हिला पाऊस पाडायला लावणार. पण सर लागोपाठ चार शनिवार सकाळच्या शाळेला तिच्याकडे गेले आणि वर्गात मागे, पोरांत मांडी घालून बसले. चारही दिवस काही बोलले नाहीत, असं तीच मला सांगत होती. चौथ्या शनिवारी निघताना एवढंच म्हणाले, “तुम्ही प्रश्न विचारता आणि उत्तरही तुम्हीच देता. मधे जरा दम खा.” तेवढ्यावर ती टिकली. मी सरांना विचारलं, “हे हॉलमध्ये का नाही सांगत?” सर म्हणाले, “हॉलमध्ये चार शनिवार कुठनं आणू?”

आता त्रेसष्टची गोष्ट. ही सांगायलाच मी बसले आहे.

मराठीत त्रेसष्ट म्हटलं की कानावर आधी तीन पडतो, मग साठ. पोर ऐकता ऐकता लिहितं. म्हणून आधी ३, शेजारी ६ : छत्तीस. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ असं संख्यावाचन आलं, तेव्हा पारापासून विधानसभेपर्यंत सगळ्यांनी हसून घेतलं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर परोपरीनं सांगत होत्या की पोरं जोडाक्षरांना आणि उलट्या उच्चाराला अडखळतात. हसणाऱ्यांपैकी कुणाच्या पुढ्यात त्रेसष्ट म्हटल्यावर छत्तीस लिहिणारी पोर बसलेली नसावी. माझ्या पुढ्यात होती. सहा महिने मेंढरांमागं फिरून आलेली, दुसरीतली. हुशार. शंभर मेंढरांत एक कमी असलं तर नजरेनं ओळखायची. पण त्रेसष्ट म्हटलं की छत्तीस.

खराट्याच्या काड्या, दहा-दहाच्या जुड्या, त्यांना रबर. सगळं झालं होतं. एके दिवशी मी नुसती तिच्या हाताकडे बघत राहिले. माझा शब्द ‘त्रे’वर असतानाच तिची पेन्सिल पाटीला लागलेली असायची. मी पेन्सिल काढून घेतली आणि तिच्या गुडघ्याशी ठेवली. म्हटलं, “शब्द संपल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही.” मग म्हटलं, “त्रेसष्ट.” आणि गप्प बसले.

तिनं माझ्याकडे बघितलं, जुड्यांकडे बघितलं. ओठ हलले. व्हरांड्यात खिचडीच्या पातेल्यावर झाकण थडथडत होतं. तिनं जुड्या ओढल्या : एक, दोन, सहापर्यंत. मग तीन सुट्या काड्या. त्यांच्याकडे बघून, काही घाई नसल्यासारखी, तिनं पेन्सिल उचलली आणि ६ लिहिला. मग ३.

दारात सर उभे होते. मोबाईलचा चार्जर विसरला म्हणून फाट्यावरून परत आले होते. रस्त्यात नोट सापडावी तसा त्यांचा चेहरा.

“मॅडम, हे कुठनं आणलं?”

“कुठनं आणायचंय? पेन्सिल काढून घेतली.”

सरांनी काळी डायरी काढली, काहीतरी टिपलं आणि चार्जर पुन्हा विसरून गेले.

ते टिपण वर चढायला लागलं. केंद्राच्या शिक्षण परिषदेत ते ‘आमच्या शाळेतला एक छोटासा अनुभव’ होतं. तालुक्याला ‘मी माझ्या वर्गात करून पाहिलेला उपक्रम’ झालं. जिल्ह्यावर त्याला नाव मिळालं : श्रवण-धारण-लेखन तंत्र. खराट्याच्या काड्यांच्या जागी आइस्क्रीमच्या रंगीत काड्या आल्या, मेंढरांमागची पोर जाऊन ‘अध्ययनात मागे पडलेला विद्यार्थी’ आला. राज्यावर काय झालं मला माहीत नाही, पण सर पुण्याहून नवी पट्टी घालून आले आणि दोन दिवस शाळेत फार प्रेमानं वागले. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

पाणी खाली यायला दीड वर्ष लागलं. तालुक्याचा हॉल, तीन पंखे, मोगरा गट. सर त्या दिवशी दुसऱ्या तालुक्याला होते. आमचा सुलभक कुणी नवा पोरगा होता, हसरा, तयारी करून आलेला. पडद्यावर पाच पायऱ्या आल्या : ऐका – टाळी – थांबा – टाळी – लिहा. शेवटच्या पायरीपाशी कासव बसलं होतं, त्यामुळे कुणाचं काम ते कळलं. मुलानं प्रात्यक्षिकाला गटातून एकेक जण बोलावला. मोगऱ्यातून माझं नाव पुढे गेलं.

मी पुढे गेले. विद्यार्थी म्हणून एक रिटायरमेंटला आलेले गुरुजी पाटी घेऊन खाली बसले होते. मी त्यांची पेन्सिल बाजूला ठेवली, त्रेसष्ट म्हटलं आणि गप्प बसले.

“मॅडम,” मुलगा अदबीनं म्हणाला, “दुसरी पायरी गाळलीत. टाळी.”

“टाळीनं पोराचं ध्यान उडतं हो. आत्ताच तर जुळवत असतं ते.”

“मॅडम, हे राज्यस्तरावरून आलंय.”

पाटीवाले गुरुजी खालून कुजबुजले, “बाई, वाजवा की. जेवणाची वेळ झालीय.”

मी टाळी वाजवली. थांबले. पुन्हा वाजवली. गुरुजींनी त्रेसष्ट लिहिला. सगळ्या हॉलनं माझ्यासाठी मुसळधार पाडला. मी जागेवर येऊन बसले आणि चार्टपेपरवर सुंदर अक्षरात पाच पायऱ्या लिहिल्या.

दुसऱ्या दिवशी सर शाळेत होते, हा योगच. मी विचारलं. सर पायातली चप्पल नीट करायला वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. “तुमचं नाव स्लाइडवर टाकलं होतं, मॅडम. शेवटच्या. शेवटच्या स्लाइडपर्यंत वेळ पुरला नाही.”

“आणि टाळी?”

“ती…” सर सरळ झाले. “ती माझी.”

“कशाला?”

“नुसतं गप्प बसायचं, हे दीडशे लोकांना कसं शिकवू, सांगा. गप्प बसण्याला पायरी देता येत नाही. सगळे बघत असतात, आता हा काय करतो म्हणून.”

मी चार दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले. ते तसेही पाचव्या दिवशी स्तरावर गेले.

गेल्या जूनमध्ये वरच्या साहेबांच्या डोक्यात आलं की द्विशिक्षकी शाळेतला माणूस सुलभक म्हणून सोडायचा नाही. सर आले. सलग तीन आठवडे आले. गावातल्या एका म्हातारीनं मला विचारलं, “नवं मास्तर आलं का?” सर एकोणीसशे पंच्याण्णवपासून नोकरीत आहेत, त्यातली अकरा वर्षं आमच्या शाळेवर.

पहिली-दुसरी त्यांनी मागून घेतली. पहिल्या दिवशी पाऊस पाडला, पोरं खूश. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाडला. तिसऱ्या दिवसापासून सरांनी तोंड उघडलं की पोरं आपण होऊन एक बोट वाजवायला लागली. ‘हजेरी’ म्हटलं की रिमझिम, ‘गणिताचं पुस्तक’ म्हटलं की सर. मी भिंतीपलीकडे तिसरी-चौथीला भागाकार शिकवत होते आणि दुष्काळी भागात आषाढ ऐकत होते.

चौथ्या आठवड्यातला सोमवार. त्या मेंढरांमागच्या पोरीचा धाकटा भाऊ दुसरीत आलाय, तसाच काळासावळा, तसाच टकमक बघणारा. सरांनी त्याच्यापुढे जुड्या मांडल्या आणि म्हणाले, “त्रेसष्ट.” पोरानं ऐकलं. टाळी वाजवली. थांबला. टाळी वाजवली. पाचही पायऱ्या बिनचूक, राज्यस्तरावर दाखवाव्यात अशा. मग पाटीवर लिहिलं : ३६.

सरांनी पुन्हा सांगितलं. पोरानं पुन्हा टाळी वाजवली, या खेपेला जास्त मन लावून. ३६.

मधल्या सुट्टीत सर माझ्या वर्गाच्या दाराशी आले. गळ्यात पट्टी नव्हती. जाकीटही नव्हतं, नुसता शर्ट, आणि तो खांद्यावर घामानं भिजलेला.

“मॅडम, ते तुम्ही नेमकं कसं केलं होतं?”

मी त्यांच्या वर्गात गेले. पोरगं खिचडीचं ताट चाटून पुसून आलं होतं. मी त्याच्या पुढ्यात बसले. सर मागे, त्या पुसट संख्यारेषेवर, मांडी घालून बसले, त्या वाडीवरच्या चार शनिवारांसारखे. मी पोराचे दोन्ही हात धरून त्याच्याच मांडीवर ठेवले. पेन्सिल गुडघ्याशी. म्हटलं, “त्रेसष्ट.”

त्याचे हात टाळीसाठी उचकले. मी मान हलवली. हात खाली गेले. त्याला आता काय करायचं ते कळेना. इकडे बघ, तिकडे बघ, मागे सरांकडे बघ. सर हलले नाहीत. मग जुड्यांकडे बघ. तिथं नजर थांबली.

मला मागून बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. ती काळी डायरी. पेनचं टोपण निघालं.

“लिहून घेऊ का, मॅडम?” अठरा वर्षांत पहिल्यांदा कुणी मला हे विचारत होतं.

पोराचे ओठ हलायला लागले होते. पहिली जुडी त्यानं स्वतःकडे ओढली.

“शब्द संपू दे त्याचा,” मी मागे न बघता म्हटलं. “तोवर पेन खाली ठेवा, सर.”

टोपण पुन्हा लागल्याचा आवाज आला.